मामाचं वळण

“आक्का, म्होरं उसाचा टॅक्टर हाय. एवढा काढतो आन आलोच. मी येईस्तोर आंतरपाट सोडू दिऊ नकू बग.”

बन्सीधरचा हा आवाज दैवशालाच्या कानात नऊ वर्षांपासून आहे. त्या आवाजामागं टॅक्टरवर लावलेलं गाणं आहे, हॉर्न आहे, आणि ‘आलोच’ म्हणताना त्याला लागलेली धाप आहे. जीप नाही, जणू तोच पायांनी पळत होता. मग फोन तुटला. घाटात रेंज जातच असते, असं मनाशी म्हणून तिनं फोन कमरेला खोचला आणि आचाऱ्याला विचारलं, “भात वाफला का?”

त्या दिवशी वालूरला तिच्या लेकीचं, राणीचं लग्न होतं. बन्सीधर तिचा पाठचा भाऊ, एकुलता. अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं. मामा नसला तर पोरीची पाठ उघडी पडते, असं बायका म्हणतात.

बन्सीधर येलदरीला राहायचा. काळी-पिवळी जीप चालवायचा. येलदरी ते जिंतूर आणि जिंतूर ते येलदरी, बारा वर्षं तोच डोंगर, तीच वळणं. मागं बसलेली माणसं ओरडायची, “बन्सीभाऊ, काढा की म्होरचा! जीप चालवायलाव का बैलगाडी?” तो आरशात बघून हसायचा. “म्होरच्याचा धूर खाऊ, पर वळणावर मुंडी भाईर काढायची न्हाई. पल्याडून कोण यायलंय त्ये वळणालाच ठावं.” बारा वर्षांत जीपला एक ओरखडा नव्हता.

त्याची बायको राजेश्री दोन दिवस आधीच लेकरांना घेऊन वालूरला आली होती. नणंदेच्या घरचं कार्य म्हणजे भावजयीच्या हाताला उसंत नाही. लग्नाच्या सकाळी तिला आठवलं, दैवशालाची ओटी भरायला आणलेला खण येलदरीला फळीवरच राहिला. तिनं नवऱ्याला फोन केला. तो डोंगर ओलांडून जिंतूरच्या जवळ आला होता. काही न बोलता माघारी फिरला, खण घेतला, पुन्हा निघाला. त्यात तास गेला.

पत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीसचा होता. आता आपल्याकडं पत्रिकेवरचा मुहूर्त कोण खरा धरतो? नवरदेव मारुतीच्या पाया पडायला जातो, वाजंत्री लागते, पोरं नाचायला लागतात ती आवरत नाहीत, आणि बारा पस्तीसचं लग्न अडीचला लागतं. म्हणून फोनवर सगळेच थोडं थोडं लबाड बोलतात. येणारा घरी चप्पल शोधत असतो आणि सांगतो, “हे काय, फाट्यावर आलो.” बोलावणारा मांडवात खुर्च्या मांडत असतो आणि सांगतो, “अक्षदा वाटायलेत, या लवकर.” ह्याचं खोटं त्याच्या खोट्यात जिरून जातं आणि माणूस बरोबर वेळेला पोचतो. याला कुणी पाप म्हणत नाही.

पण बन्सीधर फोनवर खरं सांगणारा माणूस होता. त्यामुळं समोरच्याचंही त्याला खरंच वाटायचं.

त्या दिवशी वरपक्षातली एक बाई मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली होती, “नवरीचा मामा काय पायी पायी यायलाय का?” आतून राणीनं दोनदा विचारलं होतं, “आई, मामा आला का?” दैवशाला चुलीमागं गेली, धुरात उभं राहून तिनं फोन लावला.

“कुठं हायस रं?”

“घाटात शिरलोय, आक्का.”

“घाटातच? आरं, भटजी उभा राह्यलाय. आंतरपाट धरलाय, बन्सी! अक्षदा वाटून झाल्या. तुझ्याबिगर पोरीची पाठ उघडी हाय.”

भटजी तेव्हा ओट्यावर बसून बशीतनं चहा पीत होता. नवरदेव मारुतीपाशी होता. अंतरपाट घडी करून सुपात ठेवलेला होता, त्यावर हळकुंड होतं. दैवशालाला तिथून ते सूप दिसत होतं.

पुढं जे झालं ते एका वळणात झालं. बन्सीधरनं उसाच्या दोन ट्रॉल्या काढायला जीप उजवीकडं घातली, आणि पल्याडून वांग्यांचा टेंपो आला. बन्सीधर जागीच गेला. टेंपोवाला पप्पू वाचला, पण त्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. जिंतूरच्या बाजारात पाय लांब करून तो भाजी विकतो, आणि दैवशाला बाजारात गेली की त्या रांगेला जात नाही.

सव्वा वाजता तिच्या नवऱ्याला, पंडितला, फोन आला. लग्नघरी अशी बातमी अक्षता पडेपर्यंत ओठांबाहेर काढत नाहीत. त्यानंही काढली नाही. तो पाहुण्यांना ‘या, बसा’ करत राहिला. लग्न अडीचला लागलं. मामाच्या जागी राणीचा चुलता उभा राहिला, आणि शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत दैवशालाचे डोळे रस्त्यावर होते. टॅक्टरच्या मागं मागं, धूर खात आला असता तरी बन्सीधर दीड वाजता पोचला असता. एक तास आधी. हा हिशोब तिनं पुन्हा पुन्हा केला आहे, आणि दर वेळी तो तेवढाच येतो.

तिसऱ्या दिवशी येलदरीला, राख सावडून माणसं परतल्यावर, राजेश्री भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, “आक्का, मी मारलं त्येन्ला. खणापायी माघारी फिरवलं. उशीर झाला म्हणून पळवली त्येंनी गाडी.”

दैवशालानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. चुलीमागच्या फोनचं सांगायला तोंड उघडलं. आज नको, आज हिला सोसायचं नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. सोसणार नव्हतं ते तिला स्वतःलाच. आई-बाप कधीच गेले होते. आता माहेर म्हणजे ही राजेश्री आणि तिची दोन लेकरं, एवढंच. खरं सांगितलं तर त्या दाराला कडी लागेल, ही भीती होती.

दवाखान्यातून मिळालेल्या पिशवीत जीपची किल्ली होती, फुटका फोन होता, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला खण. जांभळा, पोपटी काठाचा. कागदाला डाग होते, खण कोरा होता. राजेश्रीनं तो तिच्याकडं सरकवला. “तुमचाच हाय.”

दैवशालानं तो शिवला नाही. पेटीत तळाला ठेवला. दिवाळीला माहेरी जायला निघाली की काढून पिशवीत घालायची, यंदा सांगायचंच म्हणून. भावाच्या माघारी ओवाळायला कोण, तर भाचा. त्याला ओवाळायची, राजेश्रीच्या हातचं जेवायची, आणि खण तसाच परत घेऊन यायची. तिची आई जात्यावर म्हणायची:

सांगते बंधवा, घाई नको रे वाटेला
बहिणीच्या दारी, उशीर नाही भेटीला

आईच्या तोंडची ही ओवी दैवशालाला पाठ होती. त्या दिवशी चुलीमागं ती कुठं गेली होती कुणास ठाऊक.

*

या फाल्गुनात बन्सीधरच्या प्रियांकाचं लग्न निघालं. येलदरीला, दारातच मांडव. दैवशाला आणि पंडित वालूरहून निघाले. भाड्याची गाडी होती, चालवायला सेलूचा बालाजी. पंडित पुढं बसला, दैवशाला मागं, मांडीवर पिशवी धरून. खण पिशवीत होता.

डोंगरात पळस फुलला होता. बालाजीचा एक हात स्टेअरिंगवर आणि दुसरा खिडकीबाहेर. जिंतूर सोडल्यापासून त्यानं दोन पिकअप आणि एक ट्रक मागं टाकला होता.

“दमानं घे की लेका,” पंडित म्हणाला. “लग्नाला चाललाव, लढाईला न्हाई.”

“काका, फिकीर करू नका. ह्या घाटात आपुन डोळे झाकून गाडी हाकतो.”

“म्हणूनच भ्या वाटायलंय. उघडून हाक.”

बालाजी खळखळून हसला. पुढं चढावर उसाच्या दोन ट्रॉल्या घरघरत चालल्या होत्या. बालाजीनं दोनदा हॉर्न वाजवला, कपाळाला हात लावला.

“पाया पडा, काकू. मामाचं वळण आलं.”

“काय म्हणालास?” दैवशालानं विचारलं.

“मामाचं वळण म्हणत्यात ह्याला. कुणीतरी मामा भाचीच्या लग्नाला चालला व्हता, हितं मेला. लय पळवायचा म्हणं. आन तर्रर पिऊन व्हता म्हणत्यात. आमी डायव्हर लोक हितं हॉर्न देऊन पाया पडतो आन मग ओव्हरटेक मारतो.”

आणि त्यानं खरंच गाडी उजवीकडं घातली.

एका बाजूला उसाची भिंत, दुसऱ्या बाजूला कडा. उसाची टोकं काचेला घासत गेली. वळणातून मोटारसायकल आली, तिच्यावर नवरा, बायको, मधे लेकरू. बालाजीनं गाडी आत दाबली, मोटारसायकल मातीत उतरली आणि डगमगत निघून गेली. बाईच्या हातातली पिशवी रस्त्यावर पडलेली दैवशालाला मागच्या काचेतून दिसली, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

“काकू, डोळे उघडा,” बालाजी म्हणाला. “ग्येलं वळण.”

“पिऊन नव्हता त्यो,” दैवशाला म्हणाली.

“आं?”

“त्यो मामा. थेंबाला शिवत नव्हता. माझा भाऊ हाय त्यो. ज्या मांडवाला चाललाव, तिथं त्याच्याच लेकीचं लगीन लागणार हाय आज.”

बालाजीनं खिडकीबाहेरचा हात आत घेतला. गाडी हळू झाली. पंडितनं मागं वळून बायकोकडं बघितलं. नऊ वर्षांत ती या वळणावर पहिल्यांदा बोलली होती. मग बालाजीनं खालच्या आवाजात विचारलं, “मग पळवत कशानं व्हते, काकू?”

दैवशालानं पदर तोंडाला लावला आणि बाहेर पळसाकडं बघत राहिली.

*

मांडवात राजेश्रीनं तिला बघितलं आणि हातातलं ताट तसंच घेऊन पुढं आली. “आलाव, आक्का! तुमच्याबिगर माझा पाय थाऱ्याला लागंना.” केस पांढरे झाले होते तिचे, चाळिशीतच. मग हळूच म्हणाली, “चला आत, प्रियांका कवाची आत्या आत्या करायलीय.”

आतल्या खोलीत ओटीची ताटं मांडलेली होती. तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. खण कुठंच नव्हता. प्रत्येक ताटात खणाच्या जागी रुमाल घडी करून ठेवला होता. राजेश्रीची मावशी, म्हातारी नर्मदाबाई, रुमाल उचलून ठसक्यात म्हणाली, “अगं राजेश्री, बायकांची ओटी भरायलीस का पैलवानांचा सत्कार करायलीस? खण काय धरणात बुडाले का?”

बायका हसल्या. राजेश्री हसली नाही. “माझ्या घरी खण येत न्हाई, मावशी,” एवढंच म्हणाली आणि ताटं नीट करत राहिली.

दैवशालानं पिशवी छातीशी धरली. या घरात नऊ वर्षं खण आला नाही, हे तिला आज कळत होतं. एका फोनचं ओझं या बाईनं नकळत एका कापडावर टाकलं होतं आणि ते कापड स्वतःच्या गळ्यात बांधलं होतं.

बाहेर वाजंत्री मारुतीपाशीच घुमत होती. भटजीला पुढं दुसरं लग्न होतं, तो घड्याळ बघत होता. प्रियांका मुंडावळ्या बांधून बसली होती. तिनं दैवशालाचा हात धरला.

“आत्या, मामा आला का?”

राणीनं विचारलं होतं तेच, त्याच आवाजात. प्रियांकाचा मामा म्हणजे राजेश्रीचा भाऊ परमेश्वर. पोखर्णीहून निघालेला, बायको आणि दोन्ही लेकरं गाडीत. राजेश्रीनं फोन लावला, कानाजवळ कालवा होता म्हणून स्पीकर चालू केला.

“कुठं आलास रं?”

“जिंतूर सोडलं, ताई. घाटाला लागलोय. खरंच सांगायलोय.”

“खरंच सांगायलोय म्हणतोय म्हणजे परभणीतच आसल,” नर्मदाबाई म्हणाली. “अगं, त्याला सांग, आंतरपाट धरलाय म्हणावं. बाप्या माणूस धाकाबिगर पाय उचलत न्हाई.”

राजेश्री थकली होती. तीन रात्री झोप नव्हती तिला. तिनं फोन तोंडाजवळ नेला, जे सगळे म्हणतात तेच म्हणायला. “परमेश्वर, आरं लवकर यी. आंतरपाट...”

दैवशालानं फोन तिच्या हातातून काढून घेतला. काढून घेतला म्हणण्यापेक्षा हिसकावलाच. राजेश्रीची एक बांगडी फुटली.

“परमेश्वरभाऊ, मी दैवशाला बोलायलेय. ऐका. नवरदेव अजून मारुतीपाशी नाचायलाय. आंतरपाट सुपात हाय, घडीतच हाय. तुमी आल्याबिगर ती घडी मी उघडू देत न्हाई. म्होरं काय हाय तुमच्या?”

“उसाचा टॅक्टर हाय, आक्का. दोन ट्रॉल्या. काढतो की.”

“काढू नका!”

खोलीतल्या बायकांनी माना वळवल्या.

“काढू नका, भाऊ. त्याच्या मागं मागं या. धूर खावा. गाडीत लेकरं हायती तुमची. वळण सरलं की मला फोन करा, मी हितंच बसलेय.”

“बरं, आक्का. आसं कुणी सांगत नसतंय बगा,” परमेश्वर हसून म्हणाला. “आमाला तर सगळे पळवतच आणत्यात.”

नर्मदाबाईनं कमरेवर हात ठेवले. “घ्या! आता संध्याकाळी लागतंय लगीन. भटजी, तुमी झोपा जरा.” पण तिच्या बोलण्याला कुणी हसलं नाही, आणि ती पुटपुटत बाहेर गेली. तिच्यामागं एक एक करत बाकीच्या गेल्या. प्रियांकाला तिच्या मैत्रिणींनी फोटोसाठी मांडवात नेलं.

खोलीत दोघी उरल्या. दैवशाला फोन दोन्ही हातांत धरून पेटीवर बसली. राजेश्री खाली वाकून फुटलेल्या बांगडीचे तुकडे वेचत होती. नवरा गेल्यावरही हातात काचेच्या बांगड्या ठेव, असं दैवशालानंच तिला सांगितलं होतं, आणि सगळ्या भावकीसमोर तिच्या हातात भरल्या होत्या. तेवढं धैर्य तिला झालं होतं. दुसरं झालं नव्हतं.

“लागलं का गं?”

“न्हाई.” राजेश्री तुकडे तळहातावर घेऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “आक्का, त्या दिवशी त्येन्ला असं कुणी सांगितलं असतं तर. मागं मागं या म्हणून. पर सांगणार कोण? मी तर माघारी फिरवलं व्हतं. मला कदी कदी झोपेत खण दिसतोय. नुसता खण, फळीवर.”

फोन वाजला. “वळण सरलं, आक्का,” परमेश्वरचा आवाज. “येलदरी धरणाचं पाणी दिसायलंय.” मागं लेकरं कशावरून तरी भांडत होती. “या,” दैवशाला म्हणाली. “सावकाश या.” फोन ठेवला.

आता कुठलंच निमित्त उरलं नव्हतं. मांडवातून माणसांचा आवाज येत होता, वाजंत्री हळूहळू जवळ यायला लागली होती. थोड्या वेळात अंतरपाटाची घडी उघडली जाणार होती. कार्य आहे, आज नको, हे शब्द तिच्या जिभेवर नऊ वर्षांच्या सवयीनं आले. तिनं ते गिळले. पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. कागद पिवळा पडला होता, डाग काळे झाले होते. आतला खण जांभळाच होता, काठ पोपटी. तो तिनं राजेश्रीच्या मांडीवर ठेवला, बांगडीच्या तुकड्यांशेजारी.

राजेश्रीनं हात मागं घेतला. “ह्यो कशाला आणलाव, आक्का? आजच्या दिवशी?”

“तुझा ह्याच्यात काई गुन्हा न्हाई, म्हणून आणला.” दैवशाला पेटीवरून उतरून तिच्यासमोर खाली बसली. “खणानं त्याला उशीर झाला, राजेश्री. पर उशीर झाला म्हणून बन्सी पळवणारा नव्हता. बारा वर्षं धूर खाल्लेला माणूस त्यो. मी फोन केला व्हता त्याला. आचाऱ्याच्या चुलीमागून. कुणाला ठावं न्हाई, राणीच्या बापालाबी न्हाई. मी त्याला म्हणाले, आंतरपाट धरलाय, अक्षदा वाटल्या, पोरीची पाठ उघडी हाय. आन भटजी माझ्या म्होरं बसून चहा पेत व्हता. आंतरपाट सुपात व्हता, मला दिसत व्हता. मी लबाड बोलले, आन त्यानं खरं धरलं. तू नऊ वर्षं खणाला रडलीस, आन मी तुझं डोकं मांडीवर घिऊन गप बसले. मी बोलले नसते तर त्यो उशिरा आला असता, राजेश्री. नुसता उशिरा.”